आधी कोरा कागद, मग चॅटबॉट: वर्णनात्मक पेपरच्या तयारीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यातल्या एका गावात राहणारी, दिवसा पतसंस्थेत नोकरी करणारी एक मुलगी राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा अभ्यास करते आहे. पुण्याला जाऊन क्लास लावणं घरच्या परिस्थितीमुळे जमणारं नाही. म्हणून ती रात्री मोबाइलवर चॅटबॉटला प्रश्न विचारते, तो मुद्देसूद उत्तर देतो, ती ते वाचते आणि वहीत उतरवूनही घेते. वाचताना सगळं कळतं. पण घड्याळ लावून लिहायला बसलं की चार ओळींच्या पुढे हात चालत नाही. चॅटबॉटला विचारायची पद्धत चुकते आहे का, कसं विचारलं तर उत्तरं लक्षात राहतील आणि पैसे भरून मिळणारी आवृत्ती घ्यावी का, असं तिने विचारलं आहे.

मी रत्नागिरीत इतिहास आणि उत्तरलेखन शिकवते. मुलांच्या वह्या तपासणं हे माझं रोजचं काम. हीच तक्रार हल्ली जवळजवळ प्रत्येक होतकरू मुलाकडून ऐकायला मिळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची विचारायची पद्धत चुकत नाहीये, क्रम चुकतो आहे. तुम्ही आधी उत्तर बघता आणि मग ते लक्षात ठेवायला जाता. परीक्षेत याच्या बरोबर उलटं घडतं. तिथे समोर फक्त प्रश्न असतो आणि तीन कामं एकदम करायची असतात: जे वाचलंय ते आठवायचं, त्यातलं प्रश्नाला लागू पडेल तेवढंच निवडायचं आणि ठरलेल्या वेळात ते वाक्यांत मांडायचं. रोज रात्री चॅटबॉट नेमकी हीच तीन कामं तुमच्या वतीने उरकून टाकतो. तुमच्या वाट्याला उरतं ते वाचणं आणि उतरवून घेणं. त्याचा सराव तुम्हाला भरपूर झाला आहे, पण पेपरात त्याला गुण नाहीत.

वाचताना कळतं आणि लिहिताना सुचत नाही, यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही. समोर दिसणारी गोष्ट ओळखणं वेगळं आणि समोर काहीच नसताना ती आठवून काढणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणजे पुन्हा वाचल्यावर ‘आलं मला’ असं वाटतं ते त्या क्षणापुरतं खरंही असतं, फक्त ते टिकत नाही.

चॅटबॉटबद्दलही असाच एक अभ्यास झाला आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी एआय दिलं. ज्यांना साधा चॅटबॉट मिळाला त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुलं चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला दिलेला चॅटबॉट थेट उत्तर देत नव्हता, शिक्षकांनी तयार केलेल्या सूचनांप्रमाणे फक्त इशारे द्यायचा. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. मला यातला तिसरा गट सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साधन तेच होतं, फक्त उत्तर कोणी काढायचं ते बदललं होतं.

आता परिस्थितीप्रमाणे काय बदलतं ते सांगते, कारण सगळ्यांना एकच उपाय लागू होत नाही. विषय पूर्णपणे नवा असेल, म्हणजे राजकोषीय तूट कशाला म्हणतात हेच माहीत नसेल, तर कोऱ्या कागदासमोर बसून काही निघणार नाही. तिथे चॅटबॉट शिक्षकासारखा वापरा. न लाजता पाच वेळा विचारा, आपल्या पतसंस्थेतलं उदाहरण घेऊन समजावायला सांगा. या कामात तो खरोखर चांगला आहे आणि रात्री साडेदहा वाजता दुसरं कोणी उपलब्धही नसतं. पण एकदा समजलं की त्या विषयापुरती त्याची शिक्षकाची भूमिका संपली. तिथून पुढे तो परीक्षक. परीक्षेला किती महिने उरलेत, तुमचा लिहिण्याचा वेग किती, वैकल्पिक विषय कोणता, यावरही थोडं अवलंबून आहे, पण हा क्रम कुणालाच बदलावा लागू नये.

प्रत्यक्षात हे कसं करायचं ते एका उत्तरावर दाखवते. प्रश्न होता: ‘कोकणातील खोती पद्धतीविरुद्धच्या चळवळीचे स्वरूप स्पष्ट करा.’ माझ्या एका विद्यार्थिनीने पुस्तक मिटून लिहिलेला पहिला परिच्छेद असा होता:

‘खोती पद्धतीत खोत शेतकऱ्यांचे मोठ्या प्रमाणावर शोषण करत असत. त्यामुळे शेतकऱ्यांमध्ये असंतोष वाढला व आंदोलन उभे राहिले. या चळवळीने सामाजिक परिवर्तनात महत्त्वाची भूमिका बजावली.’

यात एकही वाक्य चूक नाही, आणि तरीही गुण देण्याजोगं यात जवळजवळ काहीच नाही. ‘खोती’ खोडून ‘जमीनदारी’ लिहा, ‘खोत’ खोडून ‘निळीचे मळेवाले’ लिहा, परिच्छेद तसाच चालतो. ही कसोटी स्वतःच्या उत्तराला लावून बघा: विषयाचं नाव बदलूनही जे वाक्य खरं राहतं, ते गुण मिळवून देत नाही.

तिने हा परिच्छेद चॅटबॉटला दिला आणि मी सांगितल्याप्रमाणे लिहिलं: ‘हे माझं उत्तर आहे. ते सुधारून लिहू नकोस, नवीन माहिती देऊ नकोस. तू परीक्षक आहेस. हे उत्तर वाचून जे कळत नाही त्यावर मला पाच प्रश्न विचार.’ आलेले प्रश्न साधे होते. खोत म्हणजे सरकारी नोकर, जमीनमालक की मध्यस्थ? चळवळ नेमकी कुठे झाली? शेतकऱ्यांनी प्रत्यक्ष काय केलं? कायदेमंडळात काय घडलं? पद्धत संपली ती कशाने? तिला यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं आठवत होती, बाकीच्यांसाठी पुस्तक उघडावं लागलं. मग पुस्तक पुन्हा मिटून तिने लिहिलं:

‘खोत हा गावाचा सारा सरकारात भरणारा वंशपरंपरागत मध्यस्थ होता. १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या हक्कांना कायदेशीर चौकट मिळाली. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. हा संप सुमारे सहा वर्षे चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर गेला. खोती कायद्याने संपली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या निर्मूलन कायद्याने.’

शब्द तिचेच, हातही तिचाच. चॅटबॉटने तिला एक ओळसुद्धा लिहून दिली नाही, फक्त कुठे पोकळी आहे ते दाखवलं. आणि शोधून, आठवून भरलेली पोकळी विसरायला फार वेळ लागतो. आठवड्याने मी तोच प्रश्न पुन्हा दिला तेव्हा तिला १९३८ चा मोर्चा न अडखळता आठवला.

आता धोक्याची बाजू. याच विषयावर दुसऱ्या एका मुलाने चॅटबॉटकडून थेट उत्तर लिहून घेतलं होतं. त्यात १८७५ चे दख्खनचे दंगे आणि चरीचा संप एकाच परिच्छेदात, एकाच कारणाखाली आले होते. दख्खनचे दंगे पुणे आणि नगर भागात सावकारांविरुद्ध झाले. चरीचा संप कोकणातला, खोतांविरुद्धचा, जवळजवळ साठ वर्षांनंतरचा. वाक्यं मात्र इतकी सफाईदार होती की मुलाला शंकाही आली नाही. असं होतं, कारण चॅटबॉट माहिती कपाटातून काढून देत नाही, जुळतील असे शब्द जुळवत जातो. ज्या विषयावर इंग्रजीत ढीगभर लिहिलं गेलंय तिथे ते बहुतेक बरोबर जुळतात. कोकणच्या स्थानिक इतिहासावर, तेही मराठीत, त्या मानाने कमी मजकूर आहे. म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल तो जेवढा भरवशाचा, तेवढा चरीबद्दल नाही.

आकड्यांचा घोळ आणखी वेगळा असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी विचारा. कधी ७२० किलोमीटर सांगेल, कधी ६५२.६, कधी ८७७.९७. मुलं म्हणतात, खोटं बोलतो. पण तिन्ही आकडे कुठून ना कुठून आलेले आहेत. ७२० हा राज्य सरकार वर्षानुवर्षं वापरत आलेला आकडा, ६५२.६ हा केंद्राच्या जुन्या मोजणीतला आणि ८७७.९७ हा अलीकडच्या नव्या मोजणीतला. त्याच मोजणीत देशाच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटर झाली. किनारा तोच आहे, खाड्या आणि वळणं जास्त बारकाईने मोजली गेली. हे ज्याला माहीत आहे तो उत्तरात ‘नव्या मोजणीनुसार’ असे दोन शब्द जोडून आकडा लिहितो, आणि परीक्षकाला कळतं की मुलाने वाचलेलं आहे. चॅटबॉटला नुसता आकडा विचारू नका, तो कोणी आणि कधी दिला ते विचारा, आणि मग मूळ जागी जाऊन बघा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे मजकूर तुम्हीच पुरवायचा. बालभारतीची पुस्तकं मोफत पीडीएफमध्ये मिळतात, राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचनही मिळतं. त्यातली दोन-तीन पानं चॅटबॉटला द्या आणि सांगा, ‘फक्त या मजकुरावरून प्रश्न काढ आणि माझं उत्तर याच मजकुराशी ताडून बघ.’ एक अडचण येईल. बऱ्याच मराठी पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरं उमटतात, कारण त्यांचे फॉन्ट जुने असतात. अशा वेळी पानाचा स्वच्छ फोटो द्या. छापील मराठी तो बऱ्यापैकी वाचतो.

हाताने लिहिलेल्या उत्तराचं तसं नाही. घाईत लिहिलेलं मराठी अक्षर वाचताना तो अडखळतो, आणि जिथे लागत नाही तिथे गुपचूप स्वतःच्या मनाचा शब्द घालून पुढे जातो. मग तुम्ही न लिहिलेल्या उत्तरावर तुम्हाला अभिप्राय मिळतो. फोटो दिलाच तर आधी ‘तू काय वाचलंस ते जसंच्या तसं लिहून दाखव’ म्हणा आणि ते तपासा. माझी पसंती मात्र बोलून टाइप करण्याला आहे. आपलं उत्तर वहीतून मोठ्याने वाचायचं, फोन ते टाइप करतो. मोठ्याने वाचताना कुठलं वाक्य अर्धवट राहिलंय, कुठे एकच मुद्दा दोनदा आलाय, ते चॅटबॉटच्या आधी तुमच्याच कानाला कळतं. घरात झोपलेली माणसं असली तर पडवीत बसून वाचा, पण वाचा.

गुण मात्र त्याला विचारू नका. तेच उत्तर दोनदा दिलं तर दोन वेगळे आकडे येतात आणि बहुतेक वेळा आधी कौतुक येतं. दिवसभर काम करून थकलेल्या माणसाला ते कौतुक हवंहवंसं वाटतं, म्हणूनच ते टाळलं पाहिजे. त्यापेक्षा विचारा: प्रश्नाच्या कुठल्या भागाला माझ्या उत्तरात उत्तर नाही? मी ‘स्पष्ट करा’ला नुसतं वर्णन दिलंय का? ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हटलंय आणि मी एकच बाजू मांडली आहे का? अशा प्रश्नांवर त्याचा अभिप्राय खूपच उपयोगी असतो, कारण तिथे त्याला फक्त प्रश्न आणि उत्तर एकमेकांशेजारी ठेवून बघायचं असतं.

भाषेबद्दल एवढंच सांगते की त्याचे मुद्दे घ्या, वाक्यं घेऊ नका. ‘हे लक्षात घेणे आवश्यक आहे की’, ‘बहुआयामी स्वरूप’, ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ अशी वाक्यं सारखी वाचली की हातात बसतात. मग गठ्ठ्यातल्या सगळ्या वह्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या दिसतात.

आणि तुमच्याकडे असं काही आहे जे चॅटबॉटकडे नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा प्रश्न आला की तो ‘पूर्वसूचना यंत्रणा’ आणि ‘लोकसहभाग’ लिहून मोकळा होतो. तुमच्या तालुक्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, खांब पडले, कित्येक गावं अंधारात राहिली. भाताचं पीक गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. नारळ-सुपारीची बाग पुन्हा उत्पन्न देऊ लागायला वर्षं जातात. मग अशा बागायतदाराला एकदाच मिळणारी नुकसानभरपाई पुरते का? हा मुद्दा तुम्ही पाहिलेला आहे, जगलेला आहे. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर शेजारी ठेवा, बाजारपेठेचं नुकसान आणि बागेचं नुकसान यांतला फरक दाखवा, आणि दोन्हींच्या पुनर्वसनाला वेगळा विचार का लागतो ते लिहा. हे उत्तर तुमचंच असेल. चॅटबॉटला फक्त विचारा की यात युक्तिवाद कुठे तुटतो.

आता वेळेचं. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली. निबंधाला २५०, सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांना प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांना प्रत्येकी २५०, असे लेखी परीक्षेचे १७५० गुण आहेत. मराठी आणि इंग्रजीचे पेपर पात्रतेपुरते, पण तेही लिहायचेच. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनात तीन तासांत वीस प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं. नोकरी करून रात्री दीड तास मिळत असेल तर त्यात दोन उत्तरं पुरेत: पुस्तक मिटून लिहिणं, प्रश्न विचारून घेणं, पोकळी भरणं, पुन्हा लिहिणं. लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत. रविवारी एखादा अर्धा पेपर सलग लिहा आणि त्या दिवशी चॅटबॉट उघडू नका.

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क जातं, त्यामुळे अभ्यास बुडतो, असंही तुम्ही लिहिलं आहे. हे आपल्याकडे सगळ्यांचंच आहे. नेटवर्क असेल त्या दिवशी पुढच्या आठवड्याचे प्रश्न काढून वहीत लिहून ठेवा. नेटवर्क नसताना फक्त लिहा. दोन-तीन दिवसांनी फोन चालू झाला की चॅटबॉटला दाखवण्याआधी स्वतःचं उत्तर परक्याचं असल्यासारखं वाचा. मध्ये गेलेले ते दिवस वाया जात नाहीत. थोडं विसरल्यावर पुन्हा आठवायला लागणं हाच पक्कं करण्याचा मार्ग आहे. माझी काही मुलं तर नेटवर्क असतानाही मुद्दाम दोन दिवस थांबून मग तपासून घेतात.

राहिला पैसे भरायचा प्रश्न. मी सांगितलेल्या पद्धतीत चॅटबॉटचं काम दिवसाला दोन-चार निरोपांचं आहे, त्याला मोफत आवृत्ती पुरते. थेट उत्तर न देता प्रश्न विचारत शिकवणारा स्टडी मोड चॅटजीपीटीत जुलै २०२५ मध्ये आला, तो मोफत वापरणाऱ्यांनाही मिळतो. तो चालू करून बघा, पण कोऱ्या कागदाची पायरी त्याच्याही आधी ठेवा. ते पैसे एखाद्या चांगल्या सराव परीक्षेसाठी ठेवा, जिथे तुमची हाताने लिहिलेली वही माणूस तपासतो. समास, अक्षर, नऊ मिनिटांत उत्तर कुठे तुटलं, हे त्यालाच दिसतं. दापोलीत किंवा खेडमध्ये हाच अभ्यास करणारं आणखी कोणी सापडलं तर महिन्यातून एकदा वह्यांची अदलाबदल करा. आणि ‘आजची मर्यादा संपली’ असा निरोप रोज यायला लागलाच, तर पैसे भरण्याआधी त्या दिवसाचं संभाषण वर सरकवून बघा, मर्यादा उत्तरं मागण्यात संपली की तपासून घेण्यात.